कमाल तेहतीस

मिस्त्रींना पाठीमागे सगळे ‘कानस’ म्हणायचे. तोंडावर मिस्त्री. एक छोटी कानस कायम त्यांच्या वरच्या खिशात असायची, इतरांचं पेन असतं त्या जागी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. व्हॉल्व्हशॉपमध्ये नवा भाग आला की त्याचं प्रमाणपत्र बाजूला सारून ते आधी कोपऱ्यावर कानस ओढायचे. कानस रुतली, भुगा पडला, की तोंड वाकडं. कानस सुळकन घसरली की मान डोलवायची आणि म्हणायचं, “कडक!” त्या शॉपमध्ये याहून मोठी शाबासकी नव्हती. चांगला चहा कडक, चांगला फिटर कडक, आणि पोलाद तर कडकच हवं. जे मऊ असेल ते भंगाराच्या पेटीत.

मी तपासणी विभागातली. धातूंचं शिक्षण घेऊन आले होते आणि ते शिक्षण पहिले काही महिने माझ्या नाकावर होतं, हे कबूल करते. मिस्त्रींनी दुसऱ्याच आठवड्यात माझं नाव ‘पुस्तक’ ठेवलं. “या पुस्तक, बसा. आज कुठला धडा?” मला राग यायचा. मला राग लवकर येतो, अजूनही येतो. पण त्यांच्याकडे जायचं सोडवत नव्हतं, कारण पुस्तकात नसलेलं बरंच काही त्या माणसाच्या बोटांत होतं.

रिफायनरीतला व्हॉल्व्ह बाहेरून पाहिला तर रंग फासलेलं ओबडधोबड लोखंड. खरा जीव आत. एक प्लग, तो ज्यावर येऊन बसतो ती सीट, आणि प्लगला वरखाली करणारा दांडा. या आतल्या ऐवजाला आम्ही ट्रिम म्हणतो. तेल असो, वाफ असो, आम्ल असो, सगळ्यांचा मार ट्रिम खातं. कुठल्या लाइनला कुठल्या धातूचं ट्रिम घालायचं हे कागदावर इंजिनिअर ठरवायचे, पण ठरवण्याआधी मिस्त्रींच्या खिडकीशी येऊन जायचे. त्या खिडकीच्या कट्ट्यावर झिजलेले प्लग ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर खडूनं लाइनचा नंबर आणि किती महिने टिकला तो आकडा.

“हात फिरवा, पुस्तक,” मिस्त्री म्हणायचे. मी हात फिरवायची. त्यांच्याकडे झिजेला तीनच शब्द होते. गुळगुळीत चर पडले असतील तर ‘हे घासलं’. पावाच्या तुकड्यासारखी बारीक भोकं असतील तर ‘हे उकळलं’. कडा विरून पातळ झाली असेल तर ‘हे खाल्लं’. घासलं असेल तर कडक धातू आणा, उकळलं असेल तर दाब दोन टप्प्यांत उतरवा, खाल्लं असेल तर धातूची जातच बदला. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणातला या विषयाचा भाग एवढाच होता, फक्त त्याला जाड नावं होती.

त्यांचं घर म्हणजे त्यांची बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ही पाच वर्षांची आणि मिस्त्री शिकाऊ फिटर. तिला त्यांनी वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, शाळेच्या मीटिंगला ग्रीसच्या हातांनी जाऊन बसले. स्वतः लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “वेळच झाला नाही.” बहिणीला ते ‘धाकटी’ म्हणत, जणू थोरली कुणीतरी आहे. तिच्यासाठी स्थळही त्यांनीच शोधलं. आमच्याच गंधक काढायच्या युनिटातला ऑपरेटर, ताडमाड उंच, म्हणून सगळ्यांचा ‘लांबू’. मिस्त्री त्याला दाजी म्हणायचे आणि तो लाजायचा, कारण वयानं तो पंधरा वर्षांनी लहान. सुट्टीच्या दिवशी मिस्त्री जेवायला धाकटीकडे. ती दोघं तिथं मिस्त्रींची थट्टा करायची आणि सोमवारी ती सगळी थट्टा मला ऐकायला मिळायची, मिस्त्रींच्याच तोंडून, फुशारकीनं.

त्याच गंधकाच्या युनिटात एक व्हॉल्व्ह आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. एका बाजूला दीडशे किलोचा दाब, दुसऱ्या बाजूला सहा. मधून जाणाऱ्या तेलात विरघळलेला गॅस, थोडं पाणी, आणि वरच्या भांड्यातून वाहून आलेली बारीक भुकटी. दाब सुटला की ते तेल फसफसून उठायचं आणि भुकटीचा मारा प्लगवर. असे दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी होते. पाळीपाळीनं एक चालायचा, दुसरा तयारीत. साध्या स्टेनलेसचा प्लग चार महिन्यांत उंदरानं कुरतडल्यासारखा बाहेर यायचा. मिस्त्रींनी कोबाल्टचा थर चढवून पाहिला, नऊ महिने. मग त्यांनी पोलादाहून कितीतरी कडक अशा टंगस्टन कार्बाइडचा हट्ट धरला. ठिसूळ आहे, एका धक्क्यात फुटेल, असं तीन जणांनी त्यांना सांगितलं, त्यातली एक मी. मिस्त्रींनी प्लगचं टोक तेवढं कार्बाइडचं करून घेतलं, बाकीचं अंग चिवट पोलादाचं. तो प्लग दोन वर्षं चालला. मोठे साहेब स्वतः खिडकीशी येऊन गेले. मिस्त्री आठवडाभर जमिनीवर नव्हते.

प्लग टिकायला लागला तशी पाळी दांड्यावर आली. जुना दांडा त्याच्याभोवतीच्या, गळती अडवणाऱ्या पॅकिंगमध्ये घासून झिजत होता. नवे दांडे मागवायचे ठरलं, दोन्ही व्हॉल्व्हना एकदमच. व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांकडून नकाशा आला आणि त्यात दांड्यापुढे ओळ होती: कडकपणा, कमाल ३३.

आता इथं थोडं थांबून सांगते, कारण सगळं याच ओळीवर आलं. त्या लाइनमध्ये कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस असतो, पाण्यासकट. तो ओला गॅस पोलादाच्या आत हायड्रोजन घुसवतो. मऊ पोलाद तो पचवतं. फार कडक केलेलं पोलाद पचवू शकत नाही, ते आतून तडकतं आणि एक दिवस मोडतं. वाकत नाही, आवाज करत नाही. म्हणून तिथं कडकपणाला वरून कुंपण घालतात. तेहतीसच्या पुढे नको. हे मला परीक्षेत आलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते.

मिस्त्रींनी ती ओळ वाचली. त्यांच्या चाळीस वर्षांत कडकपणाचा आकडा म्हणजे खालची हद्द. निदान एवढा तरी हवा, जास्त असेल तर बरंच. कडक असण्याला कुणी वरून हद्द घालेल ही गोष्ट त्या शॉपमधल्या एकाही माणसाच्या मनात आली नसती. मिस्त्रींना वाटलं, कारकुनाचा हात घसरला. त्यांनी मागणीपत्र स्वतःच्या हातानं लिहिलं आणि लिहिताना ती चूक दुरुस्त केली: कडकपणा, किमान ३३. किमान म्हणजे खालची हद्द. ‘कमाल’चा ‘किमान’ झाला, तोही सद्हेतूनं आणि सुवाच्य अक्षरात.

ते मागणीपत्र माझ्या टेबलावरून गेलं. मी सही केली.

दांडे आले तेव्हा कडकपणा मोजायचं आमचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. मी शॉपमध्ये जाऊन म्हणाले, “मिस्त्री, रकाना भरायचाय. किती धरू?” त्यांनी दोन्ही दांड्यांच्या टोकावर कानस ओढली. दोन्हीवरून ती घसरली. “चाळीसच्या खाली नाही,” ते म्हणाले. “कडक!” मी चाळीस लिहिलं. मागितलेले तेहतीस, मिळालेले चाळीस, बरोबरची खूण, खाली सही. माझं नाव पुस्तक, आणि ते त्या दिवशी मिटलेलं होतं. चिडून सांगते आहे, पण ही चीड कुणावर आहे ते उघड आहे.

दोन्ही दांडे बसले. सात महिने काही झालं नाही.

सात महिन्यांनी एका सकाळी अकराच्या सुमाराला कंट्रोल रूममधल्या पडद्यावर वरच्या भांड्यातलं तेल उतरायला लागलं. पडद्यानं व्हॉल्व्हला बंद व्हायला सांगितलं. पडद्यावर व्हॉल्व्ह बंद दिसला. तेल उतरतच राहिलं. आत काय झालं होतं ते आता माहीत आहे: दांडा मधूनच मोडला होता. वरचा अर्धा भाग शहाण्यासारखा खाली आला, आणि व्हॉल्व्ह उघडा की बंद हे सांगणारा काटा त्या वरच्या भागाला जोडलेला. खालचा प्लग मोकळा सुटून सताड उघडा. पण पडदा म्हणत होता बंद, तेव्हा पडद्यापुढच्या माणसाला एकच शक्यता दिसली. बाजूची बायपासची वाट कुठंतरी गळत असणार. त्यानं वॉकीटॉकीवर लांबूला सांगितलं, “बायपास बघ.”

लांबू गेला. भांडं रिकामं झालं आणि तेलामागून दीडशे किलोचा गॅस खालच्या सहा किलोच्या भांड्यात शिरला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, पण एवढ्याला तो पुरा पडणारा नव्हता. एका जोडाचं गॅसकेट फुटलं. तो गॅस थोडा असला तर अंड्याचा वास येतो; फार असला तर नाक पहिल्या श्वासालाच बधिर होतं आणि दुसरा श्वास घेता येतोच असं नाही. लांबू बायपासच्या चाकापाशी पडला. त्याचा जोडीदार त्याला पडताना बघून मास्क न लावता धावला. माणूस पडलेला दिसला की धावू नका, आधी मास्क, हे आम्ही दर सहा महिन्यांनी सगळ्यांना शिकवतो. सगळ्यांना ते पाठ असतं. तो चार पावलं अलीकडे पडला.

चौकशी बसली. पडद्यावरची नोंद म्हणत होती व्हॉल्व्ह बंद. लांबू बायपासच्या चाकापाशी सापडला. म्हणजे लांबूनं बायपास उघडला. चाक तर घट्ट बंद होतं! त्यावर लिहिलं गेलं, ‘नंतर बंद केले असावे’. पडद्यापुढचा माणूस सांगत राहिला की मीच त्याला बघायला पाठवलं होतं. त्यावर लिहिलं गेलं, ‘बघण्याची सूचना होती, उघडण्याची नव्हती’. निष्कर्ष, मानवी चूक. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडायला सोपं पडतं, तो खुलासा मागत नाही. आठव्या दिवशी तो कागद फलकावर लागला आणि घराघरांत पोचला. लांबूनं चूक केली आणि जाताना जोडीदारालाही घेऊन गेला, असं लोक सरळ बोलायला लागले.

मी तो कागद वाचला होता. मला तो पटला होता, हेही लिहून ठेवते.

नवव्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या खोलीत आले. ते माझ्या खोलीत कधी येत नसत, मीच जायची. हातात चिंध्यांचं एक बोचकं होतं. दार लावून त्यांनी ते टेबलावर सोडलं. आत दांड्याचे दोन तुकडे. मोडलेली जागा सपाट, चकचकीत, कुठं वाक नाही, कुठं ओढल्याची खूण नाही.

“कुठून आणलंत?”

“त्याच व्हॉल्व्हमधून. तिसऱ्या दिवशी शॉपात आला, नुसतं गॅसकेट बदलायला. मी एकट्यानं खोलला.”

“तिसऱ्या दिवशी? आज नववा आहे, मिस्त्री.”

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे कमाल. हे असंच हवं होतं का?”

“हो.”

“कारकुनाची चूक नव्हती?”

“नाही.”

“म्हणजे मऊच हवा होता.”

“मऊच हवा होता.”

त्यांनी खुर्ची ओढून घेतली, पण बसले नाहीत. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “मोडलेला बघितला तेव्हाच. घासलेलं नाही, उकळलेलं नाही, खाल्लेलं नाही. असं मोडलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. म्हटलं, नकाशा बघावा. बघितला, आणि परत घडी घालून ठेवला.”

हे ऐकताना मला पहिला विचार काय आला ते सांगते. मिस्त्रींचा नाही, धाकटीचा नाही, लांबूचाही नाही. ते मागणीपत्र कुठल्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हा विचार आला. दोन-तीन श्वास मी तोच विचार केला. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “मॅडम, दुसऱ्यातपण तोच आहे.”

त्यांनी मला मॅडम म्हटल्याचं आधी जाणवलं. मग अर्थ डोक्यात शिरला. युनिट परवाच परत सुरू झालं होतं, आणि चालत होता दुसरा व्हॉल्व्ह. त्यातला दांडा त्याच दिवशी आलेला, त्याच चाळीसचा, त्याच सहीचा.

“शॉपात आलेल्यात मी जुना दांडा घालून दिला,” मिस्त्री घाईनं सांगत होते. “शिफ्टवाल्यांना दोनदा म्हटलं, युनिट यावर चालवा. ते म्हणाले, का? कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, उगाच, जुनं ते बरं. ते हसले. चालवला दुसराच.”

“आणि आज का सांगताय?”

“काल धाकटीकडे बसलो होतो. जोडीदाराची बायको आली. दारातूनच म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं माझा नवरा नेला. धाकटी...” ते तिथंच थांबले. “तुम्ही चला आधी. नंतर बोलू.”

आम्ही मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी तुकडे हातात घेतले, वजन केल्यासारखे खालीवर केले आणि म्हणाले, रविवारी बघू, तेव्हा भार कमी असतो. त्या खोलीत मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या त्या एका रागाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. तासाभरात दोन ऑपरेटर मास्क लावून आत गेले आणि त्यांनी तेल शॉपमधून आलेल्या व्हॉल्व्हकडे वळवलं. त्यातला एक जण आत जाण्याआधी मिस्त्रींकडे वळून म्हणाला, “मिस्त्री, यातला दांडा बरा आहे ना?” मिस्त्रींना नुसतं हो म्हणायचं होतं. ते त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

दुपारी दुसरा व्हॉल्व्ह शॉपमध्ये खोलला. दांडा अखंड बाहेर आला. मी त्याच्यावर लाल रंग लावला, पुसला, वरून पांढरी पावडर फवारली आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. भेग असली की आत राहिलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. पाच मिनिटांत प्लगच्या थोडं वर लाल रेषा उमटली. ती वाढत वाढत निम्म्याहून जास्त फिरली. शॉपमध्ये पंधरा माणसं बघत उभी होती. मिस्त्रींनी त्या रेषेला बोट लावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एखाद्या भागाला हात न लावता बघितलं.

संध्याकाळपर्यंत साहेबांच्या खोलीत नवा मसुदा तयार झाला. मानवी चूक खोडून ‘साहित्यातील दोष’. मी वाचला आणि पुन्हा भडकले. साहित्यात काडीचा दोष नव्हता. जसं मागितलं तसं आलं होतं, अगदी उत्तम. दोष मागण्यात होता, आणि मागणाऱ्यांची नावं मागणीपत्रावर होती. साहेब म्हणाले, “तुम्हा दोघांना वाचवतोय, कळत नाही का तुम्हाला?” मी म्हणाले, कळतं. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. “हे उद्या लावा,” ते म्हणाले. “काय लावायचं ते लावा. त्याच्या आधी मला बहिणीला सांगू दे.”

मला त्यांनी बोलावलं नव्हतं. मी त्यांच्या मागून गेले.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ती शिवणकाम करायची. दार उघडंच होतं, ती मशिनवर बसली होती, शाळेच्या गणवेशाच्या बाह्यांचा ढीग शेजारी. आम्हाला बघून ती उठली नाही. दादाच्या चेहऱ्याकडे बघून तिनं फक्त मशिनच्या चाकावर हात ठेवला आणि चाक थांबवलं.

“धाकटे,” मिस्त्री उभ्यानंच म्हणाले, “दाजींची चूक नव्हती.”

“ते मी पहिल्या दिवसापासून सांगतेय,” ती म्हणाली. “हे म्हणजे चपला एका रेषेत काढणारे. ते नको ते चाक फिरवतील? पण माझं कुणी ऐकतंय का? मग कुणाची होती?”

“माझी.”

त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत, एकही गोष्ट न वगळता. नकाशातली ओळ, ती त्यांनी कशी दुरुस्त केली, दांडा, तिसरा दिवस, चिंध्या. फक्त माझं नाव वगळलं. ‘तपासणीतून पास झाला’ एवढंच म्हणाले. त्यावर गप्प बसणं मला सहज जमलं असतं. मी म्हणाले, “तपासणी म्हणजे मी. मला माहीत असायला हवं होतं, यांना नाही. सही माझी आहे.” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मी कोण आहे ते समजून घेतलं आणि परत भावाकडे वळली.

“कधी कळलं तुला?”

“तिसऱ्या दिवशी.”

“तिसऱ्या.” ती बाहीची घडी घालायला लागली आणि मध्येच सोडून दिली. “काल ती आली होती तेव्हा तू इथं होतास.”

“हो.”

“या खुर्चीवर.”

“हो.”

“ती मला काय काय बोलली. आणि मी काय केलं, दादा?”

मिस्त्रींचा हात वरच्या खिशाकडे गेला.

“सांग ना या बाईंना. मी काय केलं?”

“तू तिची माफी मागितलीस,” मिस्त्री म्हणाले.

“मी तिची माफी मागितली. हात जोडून. यांच्या वतीनं. म्हटलं, त्यांच्या हातून झालं, त्यांना माफ कर. माझ्या तोंडानं मी म्हटलं की त्यांच्या हातून झालं.” तिचा आवाज वाढला नाही. “आणि तू बघत होतास.”

हे मिस्त्रींनी मला सकाळी सांगितलं नव्हतं. तिथंच तर त्यांचं वाक्य तुटलं होतं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की त्यांना कालच्या त्या खुर्चीवरून ओढून काढावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना असं उभं बघवत नव्हतं.

ती उठली. चपला घातल्या. “चला,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते आम्हा दोघांनाही कळलं. जोडीदाराची बायको दोन गल्ल्या पलीकडे राहायची. आम्ही तिच्या मागून जिना उतरलो. तिथं मिस्त्रींनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, मी माझं सांगितलं, आणि त्या बाईनं सगळं ऐकून घेऊन धाकटीचा हात धरला आणि आम्हाला जा म्हणाली. दोघी आत गेल्या.

मिस्त्रींनी कागदावर लेखी दिलं, मीही दिलं. अहवालातून लांबूचं नाव निघालं. आम्हा दोघांना व्हायची ती शिक्षा झाली. ती झाली नसती तर मला जास्त जड गेलं असतं. मिस्त्री आता घरी असतात. मी दुसऱ्या गावी काम करते आणि प्रत्येक कागदावरचं ‘कमाल’ आणि ‘किमान’ मोठ्यानं वाचते, त्याला कुणी हसलं तरी.

मिस्त्री सुट्टीच्या दिवशी अजून धाकटीकडे जातात. एकदा मीही त्यांच्याबरोबर होते. तिनं दार उघडलं, पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले, पंखा लावला. कुठं काही कमी नव्हतं. ज्या माणसानं तिच्या वेण्या घातल्या, ज्याला ती बोलायला लागल्यापासून दादा आणि तू म्हणत आली, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, “बसा, मिस्त्री. चहा घेणार ना तुम्ही?”